दोऱ्याच्या पेटीचं गरम टोक

दोऱ्याने गिळलेलं उंदराचं पिल्लू पुन्हा बाहेर टाकलं, तेही जवळजवळ जसंच्या तसं. सांजली उईके काचेला नाक लावून बघत राहिली. वाटीतलं पाणी ताजं होतं, पेटीतला भुसा कोरडा होता, पिल्लूसुद्धा कोवळं निवडून आणलेलं. सगळं बरोबर होतं आणि तरी साप वाळत चालला होता. त्याच्या कण्याची रेघ आता कातडीतून वर दिसत होती.

दोरा हा तस्कर जातीचा साप. बिनविषारी, तपकिरी, शेपटीकडे काळसर पट्टे असलेला. तो लोकरीच्या धाग्याएवढा दिसायचा तेव्हा सांजलीने त्याचं हे नाव ठेवलं होतं. पाळायला मिळालेला तिचा पहिलाच प्राणी आणि खालगावातल्याही पहिल्याच पाळीव जनावरांपैकी एक.

खालगाव म्हणजे चंद्रपूरकडच्या एका बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत वसवलेलं गाव. वर उन्हाळ्यात दगड तडकायचे, झाडं उभी वाळायची, तेव्हा माणसांनी खाली बिऱ्हाडं हलवली. सापांना कोण सांगणार? ते वरच मेले. सांजलीच्या आबाजींनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, जाता जाता एका कोरड्या बांधातून तस्कराची अंडी उचलून आणली होती. त्यांतून सहा पिल्लं निघाली. एका ठिकाणी रोग शिरला तर सगळीच जायची, म्हणून संशोधन केंद्राने ती सहा घरांत पाळायला दिली. त्यांतली चार मेली होती. पाचवा दोरा होता आणि सहावा साप खालच्या बोगद्यात गेडामांकडे. हे दोघे गेले की खालगावात तस्कर फक्त चित्रात उरणार होता.

आबाजींची छाती कोळशाच्या धुळीने पार खराब झालेली. सापांची पिल्लं वाटली गेली तेव्हापासून ते वरच्या बोगद्यातल्या दवाखान्यातच होते. त्या दिवशी त्यांना घरी सोडलं आणि ते दम घेत घेत थेट पेटीपाशी येऊन बसले. त्यांनी पेटीवरून हात फिरवला. डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे.

"ही जाळी कोणी बुजवली व?" त्यांनी विचारलं.

पेटीच्या एका टोकाला काचेऐवजी पत्र्याची जाळी होती. सांजलीने पहिल्याच दिवशी ती माती आणि राखेच्या लेपाने नीट लिंपून टाकली होती.

"मीच," ती म्हणाली. "तिथून वारा आत येत होता. साऱ्यांनीच बुजवली."

तिला यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही आणि कसं वाटावं? खालगावची माणसं तशी प्रेमळ, पण भिंतींच्या बाबतीत भारी संशयी. रोज संध्याकाळी घरातलं मोठं माणूस भिंतींवरून हात फिरवतं आणि कुठे गरम किंवा गार लागलं की लगेच लेपाचा गोळा थापतं. सगळ्या गावात एकच तापमान, सव्वीस अंश. घराच्या भिंती एकसारख्या असणं ही इथली अब्रू. मग सापाच्या घरातही तसंच केलं, यात नवल ते काय.

आबाजींनी डोळे मिटले. त्यांना केंद्रातल्या माणसांचा राग आला होता आणि स्वतःचाही. पेटी देताना जाळी कशासाठी आहे, हे सांगायची गरज कुणालाच वाटली नव्हती.

"तुले थंडी वाजली तर तू काय करतेस?" त्यांनी विचारलं.

"कुडकुडते."

"आणि गरम झालं तर?"

"घाम येतो."

"बरोबर. तू जेवतेस, त्यातलं बरंचसं अन्न आतल्या आत जळते आणि तुझं अंग गरम ठेवते. बाहेर काहीही असो, तुझ्या अंगाची ऊब तेवढीच. आपण उष्णरक्ती (स्वतःची उष्णता स्वतः तयार करणारे प्राणी). दोऱ्याकडे ही चूलच नाही. तो शीतरक्ती (बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर जगणारा प्राणी). शीत म्हटलं म्हणून त्याचं रक्त थंडच असते असं समजू नको. बाहेर जेवढं, तेवढंच त्याच्या आत."

"मग सव्वीस चांगलंच की."

"नुसतं पडून राहाले चांगलं. जेवण पचवाले नाही. पोटात विकरं असतात (अन्नाचे बारीक तुकडे करणारी शरीरातली रसायनं). सापाची विकरं थंडाव्यात आळसावतात. त्याले अंग तीसच्या पुढं तापवाले पाहिजे. नाहीतर गिळलेलं पिल्लू पोटातच सडाले लागते, आणि ते विष होण्याआधी तो बाहेर टाकते."

सांजली उठलीच. "मग पेटी सगळी तापवू. चुलीवर ठेवू."

"चौधरींनी तेच केलं होतं," आबाजी म्हणाले.

सांजली पुन्हा खाली बसली. चौधरींचा साप एका दुपारीच गेला होता. गरम पाण्याच्या टाकीवर त्यांनी पेटी ठेवली होती आणि मायेने वर गोधडीही घातली होती. तिला तेव्हा कारण कळलं नव्हतं, आता कळलं.

"त्याले घाम येत नाही," आबाजींनी हळू आवाजात सांगितलं. "गरम झालं की तो एकच काम करू शकते, सरकून गार जागी जाणं. गार झालं की सरकून गरम जागी. सरकणं हाच त्याचा घाम आणि तेच त्याचं कुडकुडणं. म्हणून त्याच्या घराले तापमान-उतार लागते (एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाकडे हळूहळू कमी होत जाणारं तापमान). एक टोक बत्तीसचं, दुसरं सव्वीसचं. मधलं त्याचं तो ठरवील. आणि लपाले जागा दोन्हीकडं. एकाच टोकाले आडोसा ठेवला तर भित्रा साप उपाशी मरंल, पण ऊब घ्याले उघड्यावर येणार नाही."

पेटीत आडोसा एकही नव्हता. सांजलीला तो सतत दिसायला हवा होता, म्हणून तिने करवंटी काढून टाकली होती.

आता ऊब आणायची कुठून? खालगावात स्वयंपाक आणि अंघोळीचं पाणी सोडून उष्णता तयार करायला बंदी होती. स्वयंपाक झाला की चुली बंद, कारण आत तयार झालेली प्रत्येक झळ पंख्यांनी वर फेकावी लागायची. ती वर नेणारी उच्छ्वास-नळी (वस्तीतली गरम हवा बाहेर टाकणारी नळी) मात्र प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरामागून जात होती. तिथली भिंत लेपाखाली तापलेली असायची. तेवढा लेप हातभर खरवडला आणि पेटीचं जाळीचं टोक तिथे टेकवलं, की झालं. केंद्राने जाळी त्यासाठीच ठेवली होती.

"माझ्या घरात तो लेप निघणार नाही," सांजलीची आई दारातून म्हणाली.

ती कधीपासून उभी होती कोण जाणे. आईची धाकटी बहीण सुषमा झोपेतच गेली होती. अशीच नळी एका रात्री फुटली होती आणि गरम हवा घरात भरली होती. भिंतीवर हात फिरवायची पद्धत गावात त्यानंतरच पडली. आईने स्वयंपाकघरातल्या त्या भिंतीवर लेपावर लेप चढवले होते. तिथला हात ती सगळ्यात शेवटी काढायची.

आबाजींनी तिला समजावलं नाही. सांजलीनेही हट्ट केला नाही, फक्त पेटी उचलून आईच्या पुढ्यात ठेवली. आत दोरा पडला होता, तोंड किंचित उघडं ठेवून. आईने वाकून आत पाहिलं.

"नळीले भोक नाही पडत ना यानं?" तिने विचारलं.

"नाही माय," आबाजी म्हणाले. "नळी लोखंडाची आहे, तिले आपण हातही लावणार नाही. वरची माती तेवढी निघंल."

आईने पोळ्या उलटायचा सराटा आणला आणि स्वतःच खरवडायला बसली. कोरडी माती खाली पडत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबला नाही. सांजलीने जाळी मोकळी केली, दोन्ही टोकांना एकेक करवंटी पालथी घातली आणि पेटी भिंतीला टेकवली.

दोरा हळूच सरकला. जाळीजवळच्या करवंटीखाली जाऊन त्याने अंगाचं वेटोळं केलं. पुष्कळ वेळाने तो बाहेर आला, पेटीची लांबी कशीबशी पार करून गार टोकाला गेला आणि तिथून पुन्हा गरम टोकाला. इतक्या दिवसांत तो एवढा चाललेला सांजलीने पाहिला नव्हता. तिला वाटलं, वाचला.

सकाळी तो करवंटीखाली मेलेला होता.

"ताकदच उरली नव्हती बाई त्याच्यात," आबाजी म्हणाले. सांजली रडली नाही. तिने आईचा सराटा उचलला आणि ती खालच्या बोगद्याची वाट चालू लागली.

गेडामांच्या लीलाकाकूंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. त्यांची पेटी चारी बाजूंनी लिंपलेली होती, दृष्ट लागावी अशी गुळगुळीत. आतला साप अजून बरा होता, पण त्यानेही गिळलेलं बाहेर टाकायला सुरुवात केली होती.

"तुझा कसा आहे मग?" काकूंनी विचारलं.

"मेला. आज सकाळी."

"मग आम्ही तुझं काहून ऐकावं पोरी? भिंतही उघडी पाडावी आणि सापही जावा?"

सांजलीच्या हातात सराटा जड झाला. खोटं बोलावं असं क्षणभर तिच्या मनात आलं.

"लेप काढल्यावर तो स्वतः गरम टोकाले गेला," ती म्हणाली. "मग गार टोकाले, मग परत. त्याले काय पाहिजे होतं ते त्यानं चालून दाखवलं, काकू. आम्हीच उशीर केला. तुमच्याकडं अजून वेळ आहे."

काकूंनी चुलीमागच्या भिंतीवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि सराट्यासाठी दुसरा हात पुढे केला.

गेडामांच्या सापाला आधी नुसतं पाणी आणि शांतता दिली. तो दोन्ही टोकांना ये-जा करू लागला, मग त्याच्यापुढे अगदी छोटं पिल्लू ठेवलं. त्याने ते गिळलं आणि गरम टोकाच्या आडोशाला जाऊन पडला. सांजली रोज शाळेतून परस्पर तिकडे जायची आणि पिल्लू टाकलं का, असं दारातच विचारायची. एके दिवशी लीलाकाकूच बोगद्यात तिला सामोऱ्या आल्या.

"पिल्लू पोटातच राहिलं," त्या म्हणाल्या. "पचलं सारं."

तेव्हा कुठे सांजली दोऱ्यासाठी रडली, भर बोगद्यात उभी राहून, काकूंच्या पदरात तोंड खुपसून.

आबाजींनी सापाला हातात घेऊन शेपटी निरखली आणि ती मादी असल्याचं सांगितलं. वर्ध्याकडच्या एका खाणगावातही काही तस्कर जगवलेत असं त्यांच्या कानावर आलं होतं. तिथे एखादा नर असेल आणि ही मोठी होईपर्यंत तिला जपता आलं, तर खालगावात पुन्हा अंडी दिसतील. तेव्हा नव्या पेट्या लागतील, पिल्लं वाटावी लागतील.

"पेटी देताना मी येईन," सांजली म्हणाली. "जाळी कशाले आहे ते आधी सांगीन, साप नंतर देईन."