मौनाच्या दिवशी नारळाखाली

न्येपीच्या, म्हणजे नववर्षाच्या मौनाच्या दिवशी बालीजवळच्या आमच्या पेनिदा बेटावर गस्तवाल्यांशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. चूल नाही, दिवा नाही, मोठ्याने बोलणं नाही. आणि नेमक्या त्याच दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, मी नारळाखाली गुडघे टेकून बसले होते – हातात जलाक मैनेचं पिल्लू घेऊन.

"उठा," मागून कुजबुज आली.

कमरेच्या सारोंगवर काळ्या-पांढऱ्या चौकटीचं वस्त्र, डोक्याला फडकं. गस्तीवरचा विर्ता, वरच्या वाडीचा. त्याला देवळात लांबून पाहिलं होतं. पापण्या इतक्या लांब असतील असं वाटलं नव्हतं.

"घर सोडलंत, एक गुन्हा. जलाकला हात लावलात, दुसरा. आणखी काही करायचं राहिलंय?"

"हळू बोला, ब्ली," वयाने मोठ्या तरुणाला आमच्याकडे असंच म्हणतात, "बोलणं हा तिसरा. तो तुमच्या नावावर."

त्याला हसू आवरेना. पकडले गेले होते मी, आणि मजा वाटत होती... का, ते कळेना.

वर घरट्याची पेटी एका खिळ्यावर लोंबत होती. अख्ख्या गावात या पांढऱ्या मैनेच्या चारच जोड्या, म्हणून हात लावायला बंदी. घरट्यांची नोंद गावाने माझ्याकडे दिलेली. खिडकीतून पिल्लू पडताना दिसलं आणि मी धावले. त्याचे आईबाप शेजारच्या झाडावर शेंड्या उभारून ओरडत होते. त्यांना मौन कोण सांगणार?

"उद्यापर्यंत थांबलो तर?" त्याने विचारलं.

"मुंग्या थांबतील?"

त्याने पिल्लाकडे पाहिलं, रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. मग डोक्याच्या फडक्यात पिल्लू बांधून गळ्यात अडकवलं आणि चढला. खिळे ठोकले तर आवाज होणार. म्हणून कमरेचं चौकटीचं वस्त्र सोडून पेटी त्या वस्त्रानेच खोडाला करकचून बांधली आणि पिल्लू आत ठेवलं. खाली आला तेव्हा हात खरचटले होते.

"घरी जा आता," एवढंच म्हणाला. नावसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नारळावर गस्तवाल्याचं वस्त्र अख्ख्या गावाने पाहिलं. संध्याकाळी सभा बसली.

"मी चढलो," विर्ता म्हणाला. तिथेच थांबला असता तर मी सुटले होते. पण नाही – "आणि कोमांग रस्तिनी खाली उभी होती."

म्हणजे नाव माहीत होतं! आनंद व्हावा की राग यावा, हे ठरायच्या आत प्रमुखांनी निकाल दिला : पिल्लू उडेपर्यंत दोघांनी रोज सकाळी देवळाचं अंगण झाडायचं. मेलं, तर नोंदवही माझ्याकडून जाणार.

"चुगली केलीत," पहिल्याच सकाळी मी केरसुणी आपटली.

"खरं सांगितलं."

"अर्धं सांगून भागलं असतं."

"भागलं असतं. पण मग इथे मी कुणाशी भांडलो असतो?"

मी पाठ फिरवली. हसू दिसू नये म्हणून.

तेरा दिवस आम्ही झाडलं आणि भांडलो. रोज नारळाखाली उभी राहून मी म्हणायचे, जग रे बाबा. आणि लगेच – पण इतक्यात उडू नकोस. अशी प्रार्थना कुणी करतं का?

चौदाव्या दिवशी, झाडून झाल्यावर दुपारी, पिल्लू पेटीच्या तोंडाशी आलं, डगमगलं... आणि उडालं. वेडंवाकडं, पण उडालं. मला रडू आलं. वहीत लिहायला मात्र हात धजेना. एक दिवस उशिरा लिहिलं तर? पण वही गावाची. लिहिलं : दुपारी चार वाजून दहा मिनिटं. प्रमुखांनाही सांगून आले. शिक्षा संपली.

तरी पंधराव्या सकाळी मी देवळात गेले. तो आधीच तिथे.

"पिल्लू उडालं म्हणे," तो म्हणाला.

"नोंद मीच केली."

"मग तू इथे कशाला?"

"माहीत नाही. तुम्ही?"

"मलाही... नीटसं नाही." त्याने खाली पडलेलं चाफ्याचं फूल उचललं, पुन्हा ठेवलं. "संध्याकाळी तुमच्या घरी येईन म्हणतो. आईला भेटायला."

"काय सांगणार तिला?"

"तेही ठरलं नाहीये."

"ठरवा की. संध्याकाळपर्यंत वेळ आहे," मी म्हणाले. "फक्त तिच्याआधी मला सांगा."

त्याने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली नाही. तिथेच, अंगणात, मला लग्नाचं विचारलं.