घासूची चार पावलं

असं कुठलं दुकान आहे, जिथून पाठ फिरवून निघालं तरी मागून हाक येत नाही?

सावनीला हे कोडं इचलकरंजीच्या मंडईत कधी पडलं नव्हतं. तिथे घासूचा दरारा होता. घासू म्हणजे नलूआत्याचा बाजारहाट करणारा यंत्रमानव. भाव विचारायचा, नाक नसूनही मुरडायचं आणि चार पावलं पुढे चालायचं, ही त्याची रीत. मागून हाक आलीच समजा, "ये बाबा, घेऊन जा!"

त्या दुपारी आत्या पोट धरून कोसळली. दवाखान्यात तांबोळी डॉक्टरबाईंनी तपासलं. "अपेंडिक्स (आतड्याला लटकलेली छोटी शेपटी) सुजलंय. आत्ताच कापायला हवं, नाहीतर फुटेल."

"कितीला?" घासूने विचारलं. आकडा ऐकला, आत्याची व्हीलचेअर वळवली आणि निघाला.

एक पाऊल. दोन.

"मेल्या, मी काय वांगं आहे?" आत्या कळवळली.

सावनी धावत आडवी आली. "थांब! आज आपल्याला पाठ फिरवता येत नाही!"

आत्याला आत नेलं. तास उलटला तरी बाहेर घासूचा दिवा नुसता लुकलुकत होता. "माझी रीत चुकली कुठे?"

"वांगी महाग असली तर काय करतोस?"

"दोडकी घेतो."

"आणि हे ऑपरेशन घेतलं नसतं तर?"

घासू हळूच म्हणाला, "वांगं मी दाबून बघतो. आत्याचं पोट मला कुठे कळतं!"

"म्हणजे काय घ्यायचं तेही विकणाऱ्यानेच सांगायचं," सावनी म्हणाली.

"याला माहितीची विषमता (एकाला सगळं ठाऊक, दुसऱ्याला ओ की ठो नाही) म्हणतात," मागून डॉक्टरबाई म्हणाल्या. टोपी काढून त्या शेजारी टेकल्या. "आत्या सुखरूप आहे. शुद्धीवर येताच, घासू, तुला शिव्या घातल्या."

घासूचा दिवा हिरवा झाला. "मग इथला भाव ठरवायचा कोणी? आणि कधी?"

"दुखणाऱ्याने दुखताना तर नक्कीच नाही."

सावनी विचारात पडली. "कुणाचंच पोट दुखत नसताना, सगळ्या गल्लीने मिळून ठरवला तर? तेव्हा दुसऱ्या दवाखान्यातही विचारता येईल."

डॉक्टरबाई हसल्या. "तर मलाही खर्च उलगडून दाखवावा लागेल. या रविवारी."

रविवारी अख्खी धडधाकट गल्ली दवाखान्यात जमली. घासूने दर ऐकला, सगळ्यांकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. गल्लीही वळली. एक, दोन, तीन, चार...

"अरे ये बाबा," मागून डॉक्टरबाईंची हाक आली, "बस. बोलू."