डोहाचं झाकण

काठावर एक होडी होती. होडीत एक वल्हं, एक बांबू, उपकरणांची एक पेटी आणि एक जाड दोरी. दोरीला हातहात अंतरावर अकरा गळ बांधलेले. एकाही गळाला आमिष नव्हतं. माणसं तीन.

एवढंच होतं. दुसरं काही नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते खरं आहे...

आणि ते एवढ्यातच झालं.

फसली सन १३२२, म्हणजे इसवी सन १९१२. निजामाचं राज्य. दिवाळी चार दिवसांवर आलेली. चकलांब्याच्या उत्तरेला गोदावरीचा एक खोल डोह. दिवस कलायला लागला होता.

राधाकिशन हा माझ्या पणजोबांचा भाऊ. तेव्हा तेवीस वर्षांचा, म्हणून इथं त्याला एकेरीच म्हणतो. हैदराबादहून विज्ञान शिकून आला होता आणि नदीच्या मोजणीवर नोकरीला होता. त्याच्याजवळ पितळी डबीतला वायुभारमापक असे. काटा उतरला की मासे गळाला तुटून पडतात, काटा चढला की गप्प बसतात, हे त्यानं पावसाळाभर पडताळून पाहिलं होतं.

"ह्या डबीला मासा कळतो व्हय साहेब?" त्याचा होडीवाला सुग्रीव भोई हसायचा. "मंग हिलाच गळाला लावू की!"

पण महिना झाला, सुग्रीव हसत नव्हता.

पितृपक्षात त्याचा थोरला भाऊ बिभीषण याच डोहात बुडाला होता. वर आलाच नाही. आणि भोई वस्तीचा रिवाज होता, माणूस खाली असेपर्यंत डोहात गळ टाकायचा नाही.

बिभीषणची बायको छबुबाई. तिनं अजून बांगड्या फोडल्या नव्हत्या. वस्तीतल्या बायका दारात येऊन बोलून जायच्या. तिचं उत्तर एकच.

"आदी मला त्येंचं तोंड दावा. मग फोडते."

त्या सकाळी काटा उतरायला लागला.

राधाकिशन तिला म्हणाला, "बाई, हवेचा दाब म्हणजे या डोहावरचं झाकण समजा. आज ते सैल होतंय. गाळातला वायू सुटेल आणि खाली अडकलेलं वर सरकेल. दोरीला आकडे बांधून ओढलं तर ते आज सापडतील."

"डोहात गळ टाकायचा न्हाई," सुग्रीव म्हणाला.

छबुबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "आमिष नका लावू भावजी. आमिष न्हाई तर त्यो गळ कशाचा? नुसता आकडा हाय."

सुग्रीवनं अकरा रिकामे गळ दोरीला बांधले. दिवस कलताना त्यानं होडी ढकलली, राधाकिशन चढला, छबुबाई काठावर राहिली.

वारा पडलेला. पश्चिमेला जांभळं आभाळ चढत होतं. काटा २८.४३ इंचांवरून २८.३१ वर आला होता. एवढ्या उतारावर मासे पाण्याबाहेर उड्या मारायला हवेत.

एकही मासा दिसला नाही.

काठावरचे बगळे नव्हते. बेडूक नव्हते. वल्ह्याचा आवाजही जणू पाणी गिळत होतं...

आणि डोहाच्या मधोमध बुडबुडे आले.

"गाळातला वायू आहे," राधाकिशन म्हणाला.

"मंग मधीमधी थांबतोय कावून?"

खरंच थांबत होता. बुडबुडे... मग काहीच नाही... पुन्हा बुडबुडे.

राधाकिशननं घड्याळ काढलं. मिनिटाला सोळा वेळा. पुन्हा मोजलं. सोळा. नकळत त्याचा हात स्वतःच्या छातीवर गेला. तो त्यानं लगेच काढला.

सुग्रीवनं दोरी सोडली. ती तळाला पोचायच्या आतच अडकली.

"घावला! दादाच हाय. वजन हाय साहेब, ओढा!"

दोघांनी ओढलं. तीन हात दोरी वर आली. चार हात आली.

मग...

दोरी उलटी पळाली.

सुग्रीवचा तळहात हाडापर्यंत चिरला. तो ओरडला, आणि त्याच क्षणी वादळ डोहावर आदळलं. गारा आल्या. होडी गरगर फिरली. वीज इतकी जवळ पडली की राधाकिशनच्या कानात दडे बसले.

त्या शांततेत त्याला दिसलं, होडीच्या काठावर चार बोटं होती.

महिनाभर पाण्यातली बोटं. पण फुगलेली नव्हती. कातडी सुटलेली नव्हती.

दुसरा हात वर आला आणि त्यानं सुग्रीवची मान धरली.

मागून चेहरा आला. एक गळ जबड्यात, एक खांद्यात. डोळे उघडे. तोंडही उघडं, आणि तोंडातून पाणी वाहत होतं... वाहतच होतं. सुग्रीव कमरेपर्यंत पाण्यात ओढला गेला.

"सोड दादा! सोड! मी हाय... सुग्रीव!"

पकड सुटली नाही. सुग्रीवचा चेहरा काळानिळा पडला.

राधाकिशननं वल्हं उचललं. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा कपाळावर. तिसऱ्या घावाला हाड फुटलेलं त्याला हातात कळलं.

बोटं एकेक करून सुटली.

बुडबुडे थांबले.

गारा थांबल्यावर त्यांनी तो देह होडीला बांधून काठावर आणला. छबुबाई चिखलातून पळत आली. तिनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, जबड्यातला गळ हळूच काढला, तोंडावरचा चिखल पदरानं पुसला. मग डोक्याखालचा हात बाहेर काढून पाहिला.

हात लाल झाला होता.

"महिना झाला न्हवं?" ती म्हणाली. "मंग ह्ये रगत... वाहतंय कसं?"

सुग्रीव पाठ फिरवून बसला. चिरलेला हात त्यानं बांधलाही नव्हता.

"साहेब, तुमी शिकलेले. सांगा की... वाहतंय कसं?"

म्हातारपणीसुद्धा राधाकिशन इथपर्यंत सांगायचा, उठायचा, दाराला कडी घालायचा आणि मग पुढचं सांगायचा. का, ते कुणाला विचारता आलं नाही. त्याला नंतर घरात पाण्याचा हौदही चालत नसे.

छबुबाईनं विचारलं तेव्हा तो पेटीकडं वळला. तापमापकाची नळी काढली, बिभीषणच्या काखेत ठेवली आणि पाच मिनिटं धरून बसला. नंतर तीच नळी डोहात धरली. नंतर हवेत.

हवा ७१ अंश फॅरनहाइट. पाणी ७७.

बिभीषण ९८.