खुराड्यापाशी सापडलेला चोर

सिंधूच्या सहा कोंबड्यांनी अंडी दिली नाहीत, तर फायदा कुणाचा होता? पंधरा दिवस ती हेच मनात घोळवत होती.

पहिला संशय वडिलांवर. शेषेरावांनी शब्द दिला होता : मृग लागेपर्यंत अंड्यांवर लातूरचा खर्च निघताना दिसला तर नर्सिंगला जा, नाही तर कंधारच्या स्थळाला होकार दे. आणि स्थळ त्यांना फार पसंत होतं.

दुसरा संशय शेजारच्या रेवणसिद्धवर. त्याचं धान्य-पेंडीचं दुकान. कोंबड्या जितक्या रुसतील, तितकी सिंधू त्याच्याकडे जास्त कण्या न्यायला येणार. शिवाय कण्या मोजताना तो तराजूकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघायचा. अशा माणसावर भरवसा कोण ठेवील?

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याने जळकोटला दोन गोष्टी पाठवल्या : योजनेच्या पांढऱ्या कोंबड्या आणि पाण्याचा टँकर. टँकरचं पाणी माणशी दोन घागरी. एक पिण्या-रांधण्याची, एक अंगावर घ्यायची. कोंबड्या महिनाभर नीट अंडी देत होत्या. उन्हाळा तापला आणि खुराडं रिकामं राहू लागलं.

त्या पहाटे मागच्या दारी फळी करकरली. सिंधू खराटा घेऊन दबक्या पावलांनी गेली. कुणीतरी उकिडवं बसून खुराड्यात हात घातला होता. तिने मागून कॉलर धरली.

"सापडलास, चोरा!"

कोंबड्या ओरडल्या. चोर नाही ओरडला. "हळू... माय उठंल."

आवाज ओळखीचा होता. कॉलर मात्र तिने सोडली नाही.

"रेवणसिद्ध! काय करायलास इथं?"

"काही न्हाई."

"काही न्हाई करायला कुणी पहाटे काट्याचं कुंपण ओलांडत न्हाई. अंडी कुठं हायत?"

"सिंधू, आमच्या घरात अंड्याचं नाव जरी निघालं तरी माय चूल सारवून घेती. मी अंडी ठेवू कुठं, गल्ल्यात?"

"उदगीरला विकत असशील."

तो हसला. ती हसली नाही... म्हणजे, अंधारात दिसण्याइतकी नाही. तिने खुराड्यात हात घातला आणि तो मनगटापर्यंत भिजला. पाण्यासाठी तिने ठेवलेल्या करवंटीच्या जागी मातीचा परळ होता, काठोकाठ भरलेला.

"हे काय?"

"पाणी. पाजून उजाडायच्या आत परळ रोज माघारी नेतो. उदगीरच्या जनावरांच्या डॉक्टरला विचारलं. लिंगायताचं पोरगं कोंबडीचं दुखणं विचारायलंय म्हणून सगळे खो-खो हसले. मग डॉक्टर म्हणले, दाणा किती बी टाका, पाणी न्हाई तर अंडं न्हाई. तू तर सहाजणींत एक करवंटी ठेवून राहिलीस."

सिंधूच्या हातून कॉलर सुटली. माणसांना पुरत नाही म्हणून तिने कोंबड्यांचं पाणी तोडलं होतं. एवढ्याशा चोचीला लागतं किती, असं तिला वाटलं होतं.

"मला सांगायचं की मग!"

"सांगितलं असतं तर तू तुझ्या वाटचं ओतलं असतंस."

"आन् हे कुणाच्या वाटचं?"

"दुकानातलं," तो म्हणाला आणि घाईने कुंपणापलीकडे गेला.

दुकानात कसलं पाणी? सिंधूचा संशय मिटला नाही, उलट वाढला.

उत्तर टँकरच्या रांगेत मिळालं. रेवणसिद्धची आई दानम्मा बायांना सांगत होती, "नऊ दिवस झाले, पोरगं सकाळचं जेवत न्हाई. आंघोळीची घागर घेऊन मागं जातंय आन् कोरडंच येतंय! आंघोळ न्हाई तर लिंगपूजा न्हाई, पूजा न्हाई तर तोंडात घास न्हाई. कुण्या पोरीच्या नादी लागलंय की काय!" आणि तिने नेमकं सिंधूकडे बघितलं. सिंधूचे कान तापले.

दुसऱ्या पहाटे तो आला, तेव्हा ती कुंपणाशी उभी होती. कडेवर तिची स्वतःची आंघोळीची घागर.

"घ्या, अप्पा," ती थट्टेने मान देत म्हणाली. "आधी न्हा, पूजा करा, मग जेवा."

"आन् तू?"

"मी नर्स होणार हाय. उपाशी माणूस मला बघवत न्हाई." मग आवाज खाली आला. "एक सांग. अंडी आली की मी लातूरला जाणार, हे ठाऊक असून पाणी घालायलास. तुझा फायदा काय यात?"

तो घागरीच्या काठावरून बोट फिरवत राहिला.

"अंडी न्हाई आली तर तू कंधारला जाशील. तिथून कोण परत येतंय? लातूरहून... सुटीला तरी येशील."

सिंधूने घागर त्याच्या हातात दिली. बोटं जरा उशिराच सुटली.

"येईन," ती म्हणाली. "पण कण्या न्यायला न्हाई."

चौथ्या दिवशी पहिलं अंडं आलं. मृगापर्यंत टोपली भरत गेली. शेषेरावांनी ती तीनदा तपासली, अंडी कुठून विकत तर आणली नाहीत ना म्हणून! मग एक सुस्कारा सोडून कंधारला नकार कळवला.

म्हणजे कोंबड्यांचं भागलं. शेषेरावांचा जावई गेला. रेवणसिद्धची नऊ दिवसांची न्याहारी गेली. आणि सिंधू लातूरच्या एस.टी.त बसली, तेव्हा आंघोळीची घागर रोज रेवणसिद्धला देत राहिल्याने तिच्या अंगावर पाणी पडून आठ दिवस झाले होते. शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला. सिंधू मात्र खिडकीतून मागे बघत, खुशाल हसत होती.