नऊ लेकरांचा मामा

ताडकळसच्या बाजारात मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. काखेत तान्ह्या बाळांचा वजनकाटा, अंगावर दोन स्वेटर आणि नाकावर राग. पौषातली सकाळ होती, मेथीच्या ढिगांवरचं धुकं अजून विरलं नव्हतं. कांद्याच्या गाड्यामागे ‘काटे दुरुस्त करून मिळतील’ अशी पाटी दिसली. तिच्याखाली एक जण मांडी घालून तराजूची साखळी जोडत बसला होता.

“हा काटा खोटं बोलतो,” मी म्हणाले.

त्यानं वर पाहिलं. काय सांगू... इतक्या सकाळी माणसाच्या डोळ्यांत एवढं हसू असू नये.

“कोणाशी खोटं बोलला म्हणायचा?”

“माझ्याशी! दोन महिने झाले. एकाच वस्तीवरची नऊ बाळं, आणि एकाचंही वजन वाढत नाही. असं कुठं असतं का?”

त्यानं हात पुसले, काट्यावर पाच किलोचं माप ठेवलं, मग दोनचं, मग अर्ध्या किलोचं. आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. हसू हळूहळू मावळलं.

“काटा बरोबर हाय, म्याडम. लेकरंच हलकी हायत.”

भर बाजारात मला रडू फुटलं. खरं तर काटा बिघडलेला निघावा म्हणून मी रात्री देवाला हात जोडले होते.

मी ईश्वरी. परभणीच्या कॉलेजात संशोधन करते; लहान मुलांची वाढ नेमकी कुठं अडते, हा माझा विषय. सहा महिन्यांपर्यंत बाळ आईच्या दुधावर छान वाढतं. मग दुधाच्या जोडीला मऊ अन्न लागतं. ते मिळालं नाही की तक्त्यावरची वजनाची रेघ आडवी होते. बाकीच्या वस्त्यांवर माझ्या रेघा चढत होत्या. त्या एका वस्तीवर मात्र नऊच्या नऊ आडव्या! मी डाळ-तांदळाचं भरडलेलं पीठ वाटलं, चुलीपाशी बसून शिजवून दाखवलं. प्रत्येक आई म्हणायची, “चारतो की, म्याडम.” माझ्या गाईड सुमंगला मॅडमनी सांगून ठेवलं होतं – मार्चअखेरच्या मोजणीत फरक दिसला नाही, तर ही वस्ती अभ्यासातून वगळायची.

कागदावरून वगळणं सोपं. पण मला ती बाळं नावानिशी माहीत होती. सविताची राजेश्री आठ महिन्यांची होती आणि पाच किलो सातशेवर अडकली होती. अलीकडे तर ती मोठ्यानं रडायचीही नाही, आणि मला त्याचीच भीती वाटायची.

काटेवाल्यानं स्वतःचा चहा माझ्यापुढे सरकवला. “घ्या. लोक म्हणतील, माऊलीनं बाईमाणसाला रडवलं.”

“माऊली कोण?”

“मीच की. आयनं ठेवलंय नाव. तुमचं काय – तक्रारबाई?”

रडता रडता मला हसू आलं, आणि त्याचाही राग आला.

“काटा सपाट जागेवर ठेवताव का न्हाई, ते तिथं येऊन बघावं लागंल,” तो काट्याकडे पाहत म्हणाला. शुद्ध बहाणा होता तो. मी जरा जास्तच घाईनं म्हणाले, “गुरुवारी या.”

गुरुवारी तो आला. अर्ध्या वस्तीला कुलपं होती. माणसं ऊसतोडीला गेलेली. शेताकडून हुरड्याचा खरपूस वास येत होता. मी अंगणात बाळांची वजनं घेत होते आणि माऊली ओट्यावर दगडाबाईंसोबत, म्हणजे सविताच्या सासूबाईंसोबत, तुरीच्या शेंगा सोलत गप्पा हाणत होता. मला वाटलं, चांगला आहे, कामाचा काही नाही!

तेवढ्यात त्यानं सहज विचारलं, “आजी, नातीचं उष्टावण थाटात झालं का?”

“कशाचं होतंय, बाबा! मामा गेलाय ऊसतोडीला, पाडव्याला येईल. मामाच्या मांडीवर पयला घास खाल्ल्याबिगर लेकराच्या तोंडात अन्न घालत न्हाईत आमच्यात.”

माझा पेन थांबला. “मग... मी दिलेलं पीठ?”

सविता खाली बघायला लागली. “आमीच खाल्लं, म्याडम. थोरल्या पोराला बी दिलं. तुमी इतक्या लांबून येताव... तुमाला न्हाई म्हणायला बरं वाटंना.”

नऊ घरं, नऊ मामा, आणि सगळे उसाच्या फडात. माझ्या फॉर्मवर बेचाळीस प्रश्न होते, पण मामा एकाही प्रश्नात नव्हता. आणि परभणीला आमच्या घरात, समोरच्याच भिंतीवर, मामाच्या मांडीवर बसून खीर खातानाचा माझा फोटो लावलेला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आजी, पाडव्यापर्यंत थांबलात तर हे लेकरू –” माझा आवाज चढला. माऊलीनं नुसती नजर वळवली माझ्याकडे, आणि मी गप्प बसले. मला गप्प बसवणं आजवर आमच्या बाबांनाही जमलेलं नाही.

“आजी, मानलेला मामा चालतो का?”

“कोण रे?”

“मी. मला सख्खी बहीण न्हाई. इथं एकदम नऊ मिळायल्यात, सोडू व्हय?”

दगडाबाई विचारात पडल्या. “सख्ख्या मामाला राग आला तर?”

“लावा की फोन त्यालाच.”

सवितानं भावाला, आश्रुबाला, फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन माऊलीपुढे धरला. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज आणि वारा. सगळ्या बाया फोनभोवती गोळा झाल्या, आणि मी तर बोटांची नखंच खायला लागले.

“माझ्या भाचीला पाडव्यापस्तोर उपाशी ठेवायलाव व्हय?” आश्रुबा ओरडलाच. “अहो भाऊ, तुमी कोण बी असाव, चारा तिला. माझ्या वतीनं चारा!”

संध्याकाळपर्यंत नऊ फोन झाले, नऊ होकार आले.

पुढच्या गुरुवारी मारुतीच्या देवळात पाट मांडला गेला. माऊली चक्क फेटा बांधून आला, नऊ बहिणींना नऊ खण घेऊन! एकेक बाळ मांडीवर घेऊन तुपातली मऊ खिचडी भरवत गेला. एकानं त्याचं बोट चावलं, एकानं फेट्याचा शेमला ओढला. राजेश्रीनं पहिला घास थुंकला. दुसरा तोंडात घोळवला. तिसऱ्याला दोन्ही हातांनी चमचाच धरला – आणि सोडेचना!

माऊलीनं तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्याच वेळी मी त्याच्या प्रेमात पडले, उगाच लपवत नाही. वजनाच्या रकान्यात मी ‘माऊली’ असं लिहून ठेवलं होतं, ते घरी गेल्यावर लक्षात आलं.

मग तो दर गुरुवारी यायला लागला, काटा तपासायला.

“काटा दर आठवड्याला बिघडतो का हो?” मी एकदा विचारलंच.

“काटा न्हाई बिघडत... काटेवाला बिघडायलाय.”

एवढं बोलून तो मापं पिशवीत भरायला लागला, आणि मी उगाचच रकाने मोजत बसले.

मार्चअखेरची मोजणी पाहायला सुमंगला मॅडम स्वतः आल्या. आश्रुबाही फडावरून परतला होता. त्यानंच भाचीला काट्यावर ठेवलं. मी आकडा मोठ्यानं वाचला.

“सहा किलो सहाशे!”

दगडाबाईंनी टाळी वाजवली. पुढचं बाळ – वाढलेलं. त्याच्या पुढचं – वाढलेलं. नवव्या बाळापर्यंत सगळी वस्ती आकडे ओरडत होती, आणि मॅडमनी भर अंगणात मला मिठी मारली. नऊच्या नऊ रेघा चढल्या होत्या.

तेवढ्यात पिंगळी गावाकडची एक अनोळखी बाई बाळाला कडेवर घेऊन आली. “इथं मामा मिळतो म्हणं? माजा भाऊ अजून कारखान्यावरच हाय. लेकराला आज सहा महिने पुरे झाले. उशीर नको म्हणून आले.”

उशीर नको! ते ऐकायला मी किती हेलपाटे घातले होते.

माऊली हसत पाटावर बसला. दगडाबाईंनी हात आडवा केला. “थांब. नऊ एकट्यानं चारलीस, खपवून घेतलं. मामाच्या शेजारी मामी लागती. मामी कुठाय?”

ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर, तो माणूस पाटावरची धूळ पुसायला लागला. कान लालभडक. “इचारायचंय, आजी... लय दिवसांपासून इचारायचंय. पण त्या न्हाई म्हणल्या, तर माझा गुरुवार बी जाईल.” बोलत होता दगडाबाईंशी, पण पाहत होता माझ्याकडे.

मी तक्ता सुमंगला मॅडमच्या हातात दिला. भिंतीपाशी टेकवलेला दुसरा पाट उचलून आणला, त्याच्या पाटाला लावून ठेवला आणि पदर सावरून बसले. बायांचा एकच गलका झाला.

“घास बारीक करा,” मी म्हणाले. “मामी बघायलीय.”