रिकाम्या हातानं

'फिरायला' हा शब्द त्या गावात कुणाच्या पचनी पडत नव्हता. माणूस शेतात जातो, बाजाराला जातो, पाहुण्याच्या गावी जातो. पण नुसतं जायचं आणि नुसतं परत यायचं, हे कशापायी? महारुद्र आणि अयोध्या दुपार कलल्यावर नदीकडं निघाले की पारावरची मंडळी हटकून विचारायची, "कुठं निघालाव मुन्शी?"

"फिरायला."

मग ती एकमेकांकडं बघायची. "फिरा, फिरा. काय घावलं तर आमाला बी दावा."

महारुद्र करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर मुन्शी होता. येडशीहून बार्शीकडं जाणारी सडक जिथं निजामाची हद्द सोडून इंग्रजी मुलखात शिरायची, तिथं एक आडवा बांबू, एक कौलारू खोली आणि बांबू वरखाली करणारे दोन जवान, एवढाच तो नाका. येणाऱ्याजाणाऱ्याच्या गाठोड्यात काय आहे हे बघणं त्याचं काम. लढाईचे दिवस, त्यामुळं तपास कडक. "हातात काय आहे?" हे वाक्य त्याच्या तोंडात इतकं बसलं होतं की अयोध्या परड्यातून भाजी खुडून आली तरी तो तेच विचारायचा, आणि ती पदराआड हसायची. मार्गशीर्षात ती माहेरी वाशीला बाळंत झाली. मूल जन्मलं तेच निपचित. त्याला मळ्यात मातीआड करून ती परतली, आणि तेव्हापासून तिचं हसणं बंद झालं. जेवण दोन घासांवर आलं. भिंतीकडं तोंड करून बसायची, ती बसायचीच.

बार्शीच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि औषधाची बाटली बाजूला सारली. "रोज मोकळ्या हवेत फिरवा. सपाट वाट बघा, चढण नको. आणि ओझं म्हणाल तर काडीचंसुद्धा उचलू देऊ नका." महारुद्र हुकमाचा माणूस. डॉक्टरांनी काडी म्हटलं म्हणजे काडी.

वाट मात्र दृष्ट लागावी अशी होती. गावाबाहेर पडलं की ती रामलिंगाच्या रानात शिरायची आणि नदीचा हात धरून चालायची. नदी कसली, मोठा ओढाच. पण माघातही पाणी खळखळतं होतं. दोन्ही अंगांना धावडा, सालई, खैर, आणि काठाला करंजाची दाट सावली. पळस नुकता पेटला होता. मधे एके ठिकाणी पाण्यात मोठाले दगड टाकलेले, त्यावरून पलीकडं जायचं, थोडं चालायचं आणि उन्हं तांबडी व्हायच्या आत माघारी यायचं.

पहिल्याच दिवशी दारात सखूबाई आडवी आली. ही घरी पाणी भरणारी म्हातारी. तिनं अयोध्याच्या हातात एक वाळकी काटकी ठेवली. "ही असू दे लेकी. रानात जाताना आन् येताना हात रिकामा ठिवू न्हाय."

महारुद्रला हसू आलं. "का हो सखूबाई? काय होतं?"

"रिकामा हात दिसला की रान त्यात कायतरी देतं," ती म्हणाली. "कुराड घ्या, घागर घ्या, न्हायतर काटकी घ्या. सगळी घेत्यात. तुमी बगा की."

आणि खरंच, नंतर त्यानं बघितलं तर त्या वाटेवर मोकळ्या हाताचं कुणी भेटत नव्हतं. बायकांच्या हाती विळा, पोरांच्या हाती ढेकूळ. पण तो काही ढेकूळ धरणाऱ्यांतला नव्हता. पाण्यातल्या दगडांशी आल्यावर त्यानं अयोध्याच्या हातून काटकी काढून घेतली आणि पाण्यात भिरकावली. "डॉक्टर काय म्हणाले? काडीचंसुद्धा नाही." त्याच्या स्वतःच्या हातात नाक्याची वेताची काठी होती. ती तो जेवतानाच काय ती खाली ठेवायचा.

अयोध्या वाहत जाणाऱ्या काटकीकडं बघत राहिली. मग तिनं दोन्ही हात मोकळे सोडले आणि चालू लागली.

आठवड्याभरात गुण आला. ती ताटातलं संपवू लागली, चुलीशी गुणगुणू लागली. महारुद्रनं जवानांना डॉक्टरांची थोरवी इतकी ऐकवली की ते कंटाळले. दुपार झाली की तीच चपला घालून दारात उभी असायची. त्याला बायको परत मिळाली होती, आणि त्या आनंदात बारीकसारीक गोष्टी बघायला सवड कुणाला?

भाकरी मात्र वेगळी व्हायला लागली. एका अंगाला जाड, एका अंगाला पातळ. त्यानं चुलीशी डोकावलं, तर ती उजव्या एकाच हातानं थापत होती. डावा हात खाली सोडलेला, बोटं अर्धवट मिटलेली.

"हात दुखतो का?"

"नाही," ती म्हणाली आणि डावा हात जरा पाठीमागं नेला.

मग चालणं बदललं. तिची चाल झपझप होती. आता ती रेंगाळायला लागली. वाटेवर खडे आले की स्वतः खड्यांतून जायची आणि डाव्या अंगाची मऊ माती मोकळी सोडायची. डावा खांदा थोडा खाली झुकलेला. मोर ओरडला की थांबायची आणि वाकून, ओठ न हलवता, काही सांगितल्यासारखं करायची.

आणि त्या दगडांवर. एका दगडावरून दुसऱ्यावर पाय टाकायच्या आधी ती डावा हात वर उचलायची, हलकेच, आणि पुढच्या दगडावर टेकवल्यासारखा खाली आणायची. मगच स्वतः पाय टाकायची.

महारुद्रनं हे पाहिलं. त्यानं पाहिलं नाही असं ठरवलं. बिचारीचं मन आहे, दुसरं काय, असं तो स्वतःला समजावत राहिला. घरी आल्यावर त्यानं तिचा हात धरून बोटं उलगडली. तिनं उलगडू दिली. तळहातावर काही नव्हतं, फक्त घाम होता. बोटांच्या आतल्या अंगाला मात्र तांबूस वळ होते, बारीक नखं रुतावीत तसे, एकाशेजारी एक. तांदळाच्या कणीएवढे.

"काय आहे हातात?" त्यानं विचारलं.

अयोध्या किती दिवसांनी हसली. पण हसली ती त्याच्याकडं बघून नव्हे.

फाल्गुन लागला तशी ती वाळत चालली. खायची पूर्वीसारखंच, पण अंगी लागत नव्हतं. गळ्याची हाडं वर आली, डोळे आत गेले. डावा हात तेवढा भरलेला, गरम. डॉक्टर म्हणाले, फिरणं चालू ठेवा. सखूबाईनं चौकटीतून तिचा खाली सोडलेला हात बघितला, घागर तशीच ठेवली आणि त्या दिवसापासून पाण्याला आली नाही.

धुळाप्पा धनगर मेंढरं घेऊन नाक्यावरून जायचा. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. तसा अबोल माणूस. पण त्या दिवशी मेंढरं पुढं गेली तरी तो बांबूशी थांबला.

"मुन्शी, बाईच्या हातात कुणी दिलं?"

महारुद्रनं आजूबाजूला बघितलं. जवान लांब होते. "तुम्हाला दिसतं?"

"दिसत न्हाय. चालीवरनं कळतं. आमच्या चुलतीचं असंच हुतं."

"मग? काय केलंत?"

"रान दिल्यालं माघारी घेत न्हाय." धुळाप्पा काठीच्या टोकानं माती उकरत राहिला. "दुसऱ्यानं हातात घितलं तर सुटतं. पर त्येचा हात रिकामा पायजे. चुलत्यानं घितलं. चुलती लई वरसं जगली मग, सुना-नातवंडं बगून गेली."

"आणि चुलते? कुठं असतात?"

धुळाप्पानं रानाकडं एकवार बघितलं. मग जीभ टाळ्याला लावून मेंढरांना हाक दिली आणि त्यांच्यामागं निघून गेला.

महारुद्रनं हे कानाआड टाकलं असतं. दुसरं कुणी असतं तर टाकलंही असतं. पण त्याच दिवशी दुपारी तो नाक्यावरून घरी आला तेव्हा दार उघडं होतं, चूल विझलेली होती आणि चपला जागच्या जागी होत्या. अयोध्या अनवाणी गेली होती.

तो धावला. पारावर कुणीतरी "कुठं निघालाव?" म्हणालं, त्याला उत्तर द्यायचं भान नव्हतं. रानात ऊन होतं, लख्ख. पळसाची फुलं वाटेवर पडली होती. नदीचा आवाज नेहमीसारखा होता, पण एक पाखरू बोलत नव्हतं.

ती दगडांच्या पलीकडं, दोघं रोज जिथून माघारी फिरायची त्याच्याही पुढं गेली होती. करंजांच्या सावलीत तिची पाठ दिसत होती. डावा हात पुढं ताणलेला. ती चालत नव्हती. तिला नेलं जात होतं.

"अयोध्या!"

ती थांबली. तोंड फिरवलं. त्या तोंडावर आता डोळे आणि हाडंच उरली होती. "अहो, थोडंच राहिलंय," ती म्हणाली. "घर जवळ आलंय म्हणे."

"कोण म्हणे?"

तिनं ताणलेल्या डाव्या हाताकडं बघितलं.

ते लेकरू आपलं नव्हतं. आपलं वाशीला होतं, मळ्यातल्या मातीत. हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याच्या जिभेवर आलंही होतं. पण तिच्या चेहऱ्याकडं बघून त्यानं ते गिळलं.

त्यानं वेताची काठी खाली टाकली.

"दे इकडं," तो म्हणाला.

तिनं हात मागं घेतला. मग त्याच्याकडं खूप वेळ बघितलं. तिचे डोळे भरून आले.

"हळू धरा," ती म्हणाली. "झोपमोड होईल."

त्यानं डावा हात पुढं केला.

आधी तिच्या बोटांचा स्पर्श झाला, गरम आणि ओला. मग ती बोटं निघून गेली.

हात रिकामा झाला नाही.

अयोध्या मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडली, जशी ती मार्गशीर्षात रडायला हवी होती. महारुद्र तिच्याजवळ उभा होता. त्याला तिला उठवायचं होतं, पण एकच हात मोकळा होता.

अयोध्या बरी झाली. अगदी खडखडीत. गुढीपाडव्याला तिनं पुरणाच्या पोळ्या लाटल्या, दोन्ही हातांनी. त्या फिरण्याचं तिला फारसं काही आठवत नव्हतं, आणि त्यानंही आठवण दिली नाही. सखूबाई पुन्हा पाण्याला येऊ लागली. फक्त महारुद्र घरात असला की ती घागर दारातच ठेवून जायची.

तो नाक्यावर डावा हात मेजाखाली ठेवून बसायचा आणि उजव्यानं गाठोडी तपासायचा. डावा खांदा झुकला म्हणून जवान मागून हसायचे. "हातात काय आहे?" हे त्याला विचारवेना; तो नुसता "उघडा" म्हणायचा. भीती वाटायची का? वाटायची. पण खरं सांगायचं तर एखाद्या दुपारी, नाक्यावर चिटपाखरू नसताना, मेजाखाली ती चार चिमुकली बोटं त्याच्या बोटाला घट्ट धरायची आणि त्याला बरं वाटायचं. तोही बाप व्हायचा राहिलाच होता. आपलं नव्हे हे माहीत असूनही तो कधीकधी हलकेच दाबून बघायचा. उत्तर यायचं.

दिवस कलला की तो फिरायला निघायचा. अयोध्या म्हणायची, मी येते. तो नको म्हणायचा. ती म्हणायची, निदान काठी तरी घ्या. ती काठी करंजाखाली पडली होती, तो उचलायला गेला नव्हता.

मृगात त्याच्या लक्षात आलं की खांदा आता झुकत नाही. श्रावणात त्याचा हात सरळ, ताठ, अंगालगत असायचा, बरोबरीच्या माणसाचा धरावा तसा. त्याच्या बोटांभोवतीची बोटं आता चिमुकली नव्हती. ती त्याच्या हाताला पुरून उरत होती.

दसरा झाला. अयोध्याला पुन्हा दिवस गेले होते, तिच्या गालांवर तेज होतं. दारात उभी राहून तिनं त्याला जाताना पाहिलं आणि हाक मारली.

"अहो, हात असा वर काय धरलाय? लहान पोरागत?"

त्यानं वळून बघितलं. हसायचा प्रयत्न केला. डावा हात खांद्याच्या वर गेला होता आणि खाली येत नव्हता.

वाट तीच होती, सपाट, सोपी. खडे आले तेव्हा त्याला कुणीतरी मऊ मातीच्या अंगाला घेतलं. मोर ओरडला तेव्हा कुणीतरी थांबलं.

नदीला पाणी भरपूर होतं. तो पहिल्या दगडावर उभा राहिला आणि पुढच्या दगडाकडं बघितलं. त्यानं पाय उचलायच्या आधीच कुणीतरी त्याला हाताला धरून अलगद वर उचललं, आणि पलीकडच्या दगडावर ठेवलं.