केसरबाईंचं रक्त
"मी येडी होऊन राहिली का, तेवढंच सांगा," केसरबाई म्हणाल्या. त्यांनी हातातला कागद पुढे केला.

तेजस्विनी गजभिये पांढुर्ण्यात खासगी तपास करायची. तिनं कागद वाचला. बोटातल्या रक्ताच्या चार थेंबांतून स्मृतिभ्रंशाची प्रथिनं शोधणारी नवी तपासणी होती. निकाल: अल्झायमरचा दाट संशय.

"वर भांडं नाही अन् गॅस जळत सापडते. किल्ल्या पिठाच्या डब्यात. मले काहीच आठवत नाही. सून आता नातवाले माह्या मांडीवर देत नाही. भेव वाटते बाई, माह्या हातून लेकराले काही झालं तं?"

"सुनेचाच डाव," तेजस्विनीचा सहकारी उत्तम पुटपुटला. त्याला प्रत्येक प्रकरणात आधी सूनच दिसायची.

सौंसरच्या घरी केसरबाईंचे यजमान वसंतराव, निवृत्त मास्तर, दारातच म्हणाले, "चहा घेता न?"

चहा झाला. सून डिंपल फणकारली, "मले काय हौस हाय का? रक्त नेलं त्या दिवशी मी लेकराले घेऊन लोधीखेड्याले माहेरी होती. संध्याकाळी आली तं गॅस सुरू, अन् आई गाढ झोपलेल्या!"

"चहा घेता न?" वसंतरावांनी विचारलं. रिकामे कप समोरच होते.

"मोठा आग्रही माणूस," उत्तम खूश होऊन म्हणाला.

प्रयोगशाळेकडून रक्ताचे थेंब घ्यायला आलेली नेहा अजून वैतागलेलीच होती. "बाईंचं रक्त कमी पडलं. दुसरी सुई काढेपर्यंत बाईनं आत जाऊन बोटाले हळद चेपली! पुसली मी, तरी थेंब टिपायच्या कार्डाच्या कडेले पिवळा डाग पडलाच. मग दोघा नवराबायकोची कार्डं नावाच्या पाकिटांवर वाळत ठेवली अन् तीन तासांनी येऊन नेली."

चार दिवसांनी तेजस्विनीनं सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"प्रयोगशाळेत थेंबातून तिळाएवढी चकती कापतात, बाकीचं कार्ड जपून ठेवतात. हे त्यांचे फोटो. केसरबाईंच्या नावाच्या पाकिटातलं कार्ड स्वच्छ आहे. हळदीचा डाग वसंतरावांच्या पाकिटातल्या कार्डावर आहे."

"म्हणजे कार्डं बदलली!" उत्तम म्हणाला. "पण कोणी?"

"नेहानं डागाची गोष्ट स्वतःहून सांगितली. चूक लपवणारा तसं सांगत नाही. डिंपल माहेरी, केसरबाई झोपलेल्या. त्याच दुपारी गॅस कोणी पेटवला? ज्याला सारखा चहा ठेवायचा असतो त्यानं. वसंतराव, तुम्हाला स्वतःचीच शंका आली होती. आपल्या नावानं तो कागद येऊ नये म्हणून तुम्ही कार्डं बदललीत."

"मी?" वसंतराव बावरून सगळ्यांकडे पाहू लागले. "मी काऊन करीन असं? हिचा कागद आला तवा मी रडलो व!"

ते खोटं बोलत नव्हते. "खरंच रडले ते," तेजस्विनी हळू म्हणाली. "बदलल्याचंच विसरून गेले. नागपूरच्या डॉक्टरांना दाखवा, उशीर नका करू."

डिंपलनं बाळ सासूच्या मांडीवर ठेवलं. केसरबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

वसंतराव उठले. "चहा घेता न?"

केसरबाईंनी बाळ परत सुनेकडे दिलं. "बसा तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्याआधी गॅसपाशी जाऊन उभ्या राहिल्या.